महाग असताना द्यायचं वाण

काकीने आयुष्यात कुणालाही स्वस्त वस्तू वाण म्हणून दिली नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या लालबागच्या चाळीत घरोघरी हळदीकुंकू व्हायचं. बाकीच्या बायका भुलेश्वरहून घाऊक भावाने गाळण्या, साबणाच्या डब्या, कंगवे आणायच्या. तीन वर्षांनी त्यातलीच एखादी डबी फिरत फिरत आपल्याच घरी परत यायची. काकीच्या घरी मात्र त्या वर्षी बाजारात जे सगळ्यात महाग असेल ते मिळायचं. एक कांदा. मूठभर तूरडाळ. तिची ऐपत होती अशातला भाग नव्हता. गिरणी बंद पडल्यावर काका एका इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण मार्गशीर्ष संपला की काकी ती वस्तू स्वतःच्या फोडणीत घालणं बंद करायची आणि साठ बायकांपुरती साठवत जायची.

"स्वस्त झालं की कोण पण देतं गो," ती म्हणायची. "महाग असताना द्यायचं, त्याला वाण म्हणतात. बाकी सगळ्या गाळण्या."

यंदा काय द्यायचं हा प्रश्न तिला कधी पडला नाही. "मला कुठे सुचवावं लागतं? सरकार सुचवतं." कांद्याचं वर्ष तर माझ्या आठवणीत तीनदा आलं. प्रत्येक कांद्याला हळदीचं बोट, कुंकवाचा टिळा आणि देठाला पिवळा दोरा. तूरडाळ तिने वर्तमानपत्राच्या पुड्यांत दिली, आणि पुड्या शोधून शोधून अर्थसंकल्पाच्या पानांच्या केल्या. "एका माणसाचं वरण होईल. नवऱ्याला वाढायचं की सासूला, ते आपापल्या घरी जाऊन भांडा." गोडेतेल कडाडलं त्या वर्षी तिने होमिओपॅथीच्या डॉक्टरकडून बुचाच्या छोट्या बाटल्या मागून आणल्या. प्रत्येकीच्या हातात बाटली ठेवताना सांगत होती, "सकाळी चार थेंब, संध्याकाळी चार थेंब. पथ्य काय नाही, नुसतं उकडून खायचं." बायका खूप हसल्या. मग एकेकीचं हसू मध्येच थांबायला लागलं, कारण घरच्या डब्यात खरोखरच चार थेंब उरले होते. काकी ते बघत बसली होती. आम्हाला हसवायला ती बोलवत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

रोज सकाळी ती बाजारात एक फेरी मारायची. प्रत्येक टोपलीचा भाव विचारायची आणि बहुतेक वेळा हात हलवत परत यायची. भाजीवाले वैतागायचे. "मौसी, लेना है तो बोलो, टाइम खोटी मत करो." काकी मान वाकडी करून म्हणायची, "विचारायला अजून टॅक्स नाही ना लागला? लागला की सांग, मग तोंड बंद ठेवीन." पाकिटातल्या पिठावर आणि दह्यावर कर लागला तेव्हा रेशनच्या रांगेत उभं राहून तिने मोठ्याने विचारलं होतं, "पीठ सुटं घेतलं तर आपण गरीब. पाकिटात घेतलं तर श्रीमंत. घरी येताना पाकीट फाटलं तर आपण कोण?" रांग हसली. दुकानदार म्हणाला, "काकी, धान्य फुकट मिळतंय तरी तुमची तक्रार आहेच." काकीने पिशवीचं तोंड धरत उत्तर दिलं, "धान्य फुकट आणि ते शिजवायचा गॅस सोन्याच्या भावात. म्हणजे कच्चं खा, असं कागदावर लिहून द्या. दाराला लावते."

तिचं बोलणं दोन तऱ्हेचं होतं. मूळची मालवणकडची. जीव लागलेल्या माणसाशी ती एकेरीत बोलायची, मधूनमधून मालवणीत शिरायची, शेवटी 'गो' लावायची, शिव्याही त्यातच. परक्या माणसासाठी, म्हणजे मीटर बघायला आलेला, कसला तरी सर्व्हे करायला आलेला, मत मागायला आलेला, अशांसाठी ती पुस्तकातलं मराठी काढायची. उमेदवार दारात उभा राहिला की हात जोडून म्हणायची, "आपण कशाला त्रास घेतलात? आम्हाला काही नको." ते त्याला इतकं गोड वाटायचं की तोही हात जोडून निघायचा. जिन्यात पोचल्यावर त्याच्या लक्षात यायचं की आपल्याला पाणीसुद्धा मिळालेलं नाही.

जीव लागलेल्यांची सुटका होती असंही नाही. शेजारच्या वहिनींनी हप्त्यावर दोन दारांचा फ्रीज घेतला आणि पेढे घेऊन आल्या, तर काकी म्हणाली, "छान झालं. आत ठेवणार काय, बिलं?" वहिनी सहा महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. माझ्या नवऱ्याची छापखान्यातली नोकरी गेली तेव्हा सगळे मला धीर देत होते. काकी म्हणाली, "होणार नाही काही नीट. तो आता नुसता पेपर वाचत बसेल. तू काय ते बघ." मी रडले. तो तेव्हापासून पेपर वाचतोय. पण बालवाडीच्या शिक्षिकेच्या कोर्सचा फॉर्म काकीनेच आणून दिला आणि भरूनही घेतला. "गाणी येतात तुला, शेंबूड पुसता येतो. आणखी काय लागतं गो?"

माझं माहेर त्याच चाळीत, काकीच्या भिंतीला भिंत. सासर समोरच्या इमारतीत. त्यामुळे लग्नानंतरही काकीची एकही संक्रांत माझी चुकली नाही. चुकली असती तर बरं झालं असतं, अशी एकच आहे. तिच्याकडे येतेच.

त्याआधी माझ्या आईचं सांगायला हवं. माझे बाबा गेले त्या वर्षी कांदा होता. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी काकीकडे हळदीकुंकू, आणि आई आपल्या खोलीत दार लोटून, पंखा बंद करून बसलेली. आपला आवाजसुद्धा पलीकडे जाऊ नये, असं तिला वाटत असावं. काकी तबक तसंच हातात घेऊन आली आणि पायाने दार ढकललं.

"उठ गो."

"मी कशी येऊ? बायका काय म्हणतील?" आई म्हणाली.

"कांदो महाग झालो तो तुझ्या घोवान केल्यान काय?" काकी म्हणाली. आईला हसू आलं, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. मग काकी साध्या भाषेत म्हणाली, "भाव काय कपाळ बघून वाढतो? तुला कमी दराने देतात का बाजारात? नाही ना? मग वाण सगळ्यांना."

तिने आईला हाताला धरून भरल्या खोलीत आणलं आणि सगळ्यांसमोर हळद लावली, कुंकू लावलं. तळमजल्यावरच्या आजी पदर सावरत उठल्या. काकी वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "जायचं तर जा आजी. कांदा ठेवून जा."

आजींनी हातातल्या कांद्याकडे बघितलं आणि परत बसल्या. त्या वर्षी कांद्याचा भाव तेवढा होता. त्यानंतर आमच्या चाळीत विधवांना हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर चर्चा झाली नाही. आई दरवर्षी काकीकडे जायची, कपाळ पुढे करायची आणि घरी येऊन आरशात बघायची. मी तिला बघताना बघितलंय.

आता गोवऱ्यांचं वर्ष. सिलिंडरचा भाव डोक्यावरून गेला होता. आमच्या भागाच्या नगरसेविका मॅडम दर संक्रांतीला फोटोवाला घेऊन चाळीचाळींत हळदीकुंकवाला जायच्या. त्यांची मुदत संपून गेली होती आणि महापालिकेची निवडणूक काही लागत नव्हती. तरी त्यांना 'माजी' म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. काकीने त्यांना पहिला मान दिला. तबकातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या ओटीत घातलं. मॅडमनी फोटोसाठी कागद सोडला. आत शेणाची अर्धी गोवरी, तिला व्यवस्थित हळदीकुंकू लावलेलं. जरीच्या साडीवर भुसा पडला.

"अहो, हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"सिलिंडर," काकी म्हणाली. "आपल्याला पेटवता येत नसेल तर आम्ही शिकवू."

कुणीतरी विचारलं की मुंबईत तू एवढ्या गोवऱ्या आणल्यास कुठून. "भोईवाड्याच्या स्मशानाजवळून. तिथलं गिऱ्हाईक भावावरून भांडत नाही." फोटोवाल्याने फोटो आधीच काढला होता. दोन दिवसांत तो परळ-लालबागच्या प्रत्येक फोनवर पोचला. मॅडमच्या चेहऱ्यावरचं ते अर्धवट हसू आणि ओटीत गोवरी.

मीही तो फोटो पुढे पाठवला होता. तीन जणींना.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी काका गेले. झोपेतच. चाळीत लगेच सुरू झालं: स्मशानाच्या गोवऱ्या वाण म्हणून वाटल्या, मग दुसरं काय व्हायचं होतं. नळावर हे बोललं जात होतं तेव्हा मी बादली भरत होते. बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही आणि तोंडही उघडलं नाही. काकीपर्यंत ते पोचलंच. ती म्हणाली, "मग साठही जणींचे जायला हवे होते. एकाच गोवरीत गुण कसा काय?" पण तिचा आवाज त्या वेळी नेहमीचा नव्हता.

माझी बालवाडी समाजकल्याण केंद्राच्या हॉलमध्ये भरायची. सकाळी बावीस मुलं. हॉल वापरायचं पत्र अकरा महिन्यांचं असायचं, आणि ते मॅडमच्या शब्दाशिवाय वाढत नसे. माझ्या मानधनावर आमचं घर चालत होतं. नवरा पेपर वाचत होता आणि मुलगी बारावीला होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. दोन वर्षं मी ते स्वतःला सबब म्हणूनच सांगत होते, आता नाही सांगत.

काका गेल्यानंतरच्या जानेवारीत मॅडमनी ठरवलं की घरोघरी जायचं नाही. सगळ्यांचं हळदीकुंकू हॉलमध्येच घ्यायचं, म्हणजे ओटीत काय पडतं त्यावर लक्ष राहील. त्यांचा माणूस मुलं घरी गेल्यावर बालवाडीत आला आणि लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसला.

"बाई, तुमचं पत्र या महिन्यात संपतंय ना?"

"हो."

"वाढेल. मॅडम म्हणाल्या, वाढेल. फक्त त्या गोवरीवाल्या यंदा नकोत. पण आम्ही अडवलं तर परत फोटो. बायकांचं बायकांनीच बघायला पाहिजे."

हे सगळं त्याचं. याच्या पुढचं माझं. त्याने मला काही सुचवलं नव्हतं. मीच म्हटलं, "तिचा नवरा गेलाय दिवाळीआधी. ती यायची नाही."

"आणि आली तर?"

"आली तर कुंकवाचं तबक माझ्याच हातात असेल ना," मी म्हटलं. "मी बघते."

तो मोकळा झाल्यासारखा हसला. "हे बरंय. रूढीच आहे म्हणा." मीही हसले. या गोष्टीवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझ्या आईला काकीने कुंकू लावलं तेव्हा मला वाटलं होतं की कुणी आपल्या घरात दिवा लावला. मी मनापासून रूढी पाळली असती तर ती अडाणी चूक ठरली असती. मी ती कपाटातून चाकू काढावा तशी काढली.

काकीने स्वतःच्या घरी हळदीकुंकू ठेवलं नव्हतं. "वर्ष सरूचा आसा," एवढंच म्हणाली. "पण हॉलवर येईन. वाण तयार आहे माझं." त्या वर्षी लसूण होता. बाजारात लोक गड्डा हातात घेऊन परत ठेवत होते. मी तिला म्हणू शकले असते, काकी येऊ नकोस. भिंतीला भिंत लागून माझं माहेर होतं, जिना चढून एक वाक्य बोलायचं होतं. मी गेले नाही. कारण मग तिने कारण विचारलं असतं.

संध्याकाळी पाच वाजता हॉलच्या दाराशी मी तबक घेऊन उभी होते. मागे मॅडमचा फोटो असलेला फलक, टेबलावर मॅडमचं चित्र चिकटवलेले स्टीलचे डबे. दोन-अडीचशे बायकांची रांग. माझं बोट कुंकवात बुडायचं, कपाळावर टेकायचं, परत बुडायचं. मी चेहरे बघत नव्हते, कपाळंच बघत होते. म्हणून मला कळायला उशीर झाला.

समोर काकीचं कपाळ आलं. तिच्या हातात पांढरी कापडी पिशवी होती. आणि तिने दुसऱ्या हाताने माझ्या आईला धरून आणलं होतं. आईचे गुडघे दुखायचे, ती एकटी आली नसती. आईने नेहमीप्रमाणे कपाळ थोडं वर केलं होतं, डोळे मिटले होते.

हे मी धरलंच नव्हतं. काकीला ज्या कारणाने वगळायचं, त्याच कारणाने आईलाही वगळावं लागणार होतं. मॅडमचा माणूस दोन हातांच्या अंतरावर उभा राहून बघत होता. तेवढ्या वेळात माणूस खूप विचार करतो असं म्हणतात. मी एकच केला: एकीला लावून दुसरीला नाही लावलं, तर रूढी नुसतं निमित्त आहे हे कळेल.

माझं बोट अर्ध्या वाटेवर थांबलं. मी ते खाली आणलं आणि म्हणाले, "काकी, तुमचं वर्ष व्हायचंय ना अजून. उगाच बायका बोलतील. तुम्ही दोघी तिकडे खुर्चीवर बसा."

काकीला मी जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. आणि 'दोघी' म्हटलं.

आईने डोळे उघडले. तिला आधी कळलंच नाही. तिने कपाळ आणखी थोडं पुढे केलं. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली, मुलांनी चूक केल्यावर घालतात तशी. काकीच्या जिभेवर काय येणार, याची सगळे वाट बघत होते, कदाचित मीही. ती काहीतरी जहरी बोलली असती तर मला कुठेतरी धरायला जागा मिळाली असती.

काकी हळू म्हणाली, "हिला तरी लाव गो, सुषमे."

मी बोट कुंकवात बुडवलं आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईला लावलं.

काकीने पिशवी तिथल्याच एका खुर्चीवर ठेवली, आईचा हात धरला, आणि दोघी जशा आल्या तशा, रांगेच्या कडेकडेने, सगळ्यांना "जरा सरका" म्हणत बाहेर गेल्या. मागून मॅडम आल्या. "काय होतं त्या पिशवीत?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "माझी भाजी आहे." फोटो छान आले. दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं.

पिशवी मला घरी न्यावी लागली. आत लसणाच्या पाकळ्या होत्या, सोललेल्या नाहीत, प्रत्येकीला पिवळ्या दोऱ्याची गाठ आणि टोकाला कुंकवाचा ठिपका. इतक्या बारीक वस्तूला गाठ मारायला तिच्या वयात किती वेळ लागला असेल. त्या मी फेकून द्यायला हव्या होत्या, किंवा परत नेऊन द्यायला हव्या होत्या. मी त्या वापरल्या. लसूण महाग होता. महिनाभर मी रोज दोन-दोन गाठी सोडवत होते, कुंकू धूत होते आणि फोडणी देत होते. नवरा म्हणाला, "हल्ली आमटीला चव आलीय." हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. हॉलमधलं सगळ्यांनी बघितलं. हे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईकडे डबा घेऊन गेले, तर तिने डबा उघडला, झाकण परत लावलं आणि विचारलं, "हॉलचं होईल ना मग?"

"होईल."

"बरं झालं." एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर मी तो घेऊन घरी गेले असते. त्यानंतर ती कुणाच्याच हळदीकुंकवाला गेली नाही. पुढची संक्रांत यायच्या आत ती गेली. काकी तिच्या उशाशी शेवटपर्यंत बसली होती. मी आत आले की ती पाणी आणायला उठायची.

पत्र अकरा महिन्यांचं होतं, ते अकरा महिनेच टिकलं. मग हॉल व्यायामशाळेला दिला. मॅडमचा माणूस म्हणाला, "वरून आलंय बाई, आमच्याही हातात काही राहिलं नाही." बावीस मुलांच्या छोट्या खुर्च्या एका टेम्पोत गेल्या. पुढे चाळ पुनर्विकासाला गेली, भाडेकरू पांगले. काकी वडाळ्याला लेकीकडे राहायला गेली. तिने मला निघताना सांगितलं नाही, आणि मी गॅलरीतून बघत होते ते तिला माहीत होतं.

यंदा अखेर निवडणूक लागली. मॅडमना तिकीटच मिळालं नाही. त्यांचे फलक उतरले. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी मी माझ्या आईचा करंडा ओटीत बांधला आणि वडाळ्याला गेले. काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा घोकलं. बोलणं जमलं नाही तरी बोट तरी पुढे जाईल, असं वाटत होतं.

दार तिच्या लेकीने उघडलं. आतल्या खोलीत खिडकीशी, मांडीवर ताट घेऊन काकी लसूण सोलत बसली होती. बाजूला गड्ड्यांनी भरलेली पिशवी. ती बरीच वाळली होती, पण बोटं तशीच झरझर चालत होती. तिने वर बघितलं.

"या, सुषमाताई," ती म्हणाली. "बसा ना."

मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं. घोकलेलं एकही वाक्य आठवेना. मी करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळाकडे नेलं. लेक दारातच थांबली.

काकीने माझं मनगट धरलं. जोर नव्हता त्यात. तिच्या बोटांना लसणाचा वास होता.

"वडाळ्याच्या बाजारात लसूण कसा आहे, कल्पना आहे का आपल्याला?"

"नाही," मी म्हटलं.

"पार उतरलाय." तिने माझा हात हळूच खाली आणला, करंड्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं आणि तो माझ्या ओंजळीत ठेवला. मग दोन्ही हात जोडले. "आपण कशाला त्रास घेतलात? आम्हाला काही नको."

मीही हात जोडले. दुसरं काय करतात ते मला सुचलं नाही. तिने ताट परत मांडीवर ओढलं आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

जिन्यात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला पाणीसुद्धा मिळालेलं नाही.